नानीचं नाव काय होतं?

(बारामतीतल्या तरुण-तरुणींच्या एका बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला 'आपला इतिहास' या विषयावर बोलायला सांगितलंय. विषय फार मोठा आहे, म्हणून मी तो कापून साडेसहा फूट लांब आणि अडीच-तीन फूट रुंद करून घेतलाय. कबरीएवढा. तेवढ्यात मावेल तेवढंच बोलते.

आधी एक सांगा. तुमच्यापैकी किती जणांना आपल्या दादाची किंवा नानाची कबर नेमकी दाखवता येईल? हात वर करा. बरं, सात-आठ. आता दादीची, नाहीतर नानीची? दोन. आणि मुलींमधून? एकही नाही. मला वाटलंच होतं. मी अशाच एका कबरीच्या मागे तीन वर्षं होते. ती शोधताना जे हाती लागलं ते सांगायला आलेय.

माझी नानी इंदापूर तालुक्यातल्या एका गावात वारली. कधी, असं विचारलं तर आमच्या घरात एकच उत्तर यायचं: पानशेत फुटलं त्याच्या आदल्या उन्हाळ्यात. पानशेत फुटलं १२ जुलै १९६१ला, म्हणजे नानी गेली १९६०च्या उन्हाळ्यात. आपल्याकडच्या म्हाताऱ्यांचं कॅलेंडर असंच असतं. पानशेत, मग कोयनेचा भूकंप, म्हणजे डिसेंबर १९६७, मग बहात्तरचा दुष्काळ. कुणाच्या मय्यतीचं साल विचारायचं तर या खुंट्यांना धरून विचारा, साल नक्की मिळतं. 'किती साली?' असं विचारलंत तर 'लई वर्सं झाली' हेच ऐकायला मिळेल.

नानी गेली तेव्हा अम्मी नऊ वर्षांची होती. जनाजा उंबऱ्यातून बाहेर गेला तेवढाच तिनं पाहिला. पुढचं सगळं पुरुषांचं. पुढे अम्मी सत्तरी ओलांडेपर्यंत जगली, पण आपल्या आईची कबर तिनं कधी पाहिली नव्हती. गाव तर एसटीनं तासाभराचं. तिला कुणी दांडगाईनं अडवलं असंही नाही. 'बायका जात नाहीत' एवढं एक वाक्य होतं, आणि त्या वाक्याला कुलपाची गरज नसते.

तेव्हा आधी या वाक्याबद्दल बोलू. कबरींच्या झियारतीला आधी मनाई केली होती, आता जात जा, कारण त्यानं आखिरतची आठवण राहते, अशा आशयाची हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. हजरत आयशा आपल्या भावाच्या, अब्दुर्रहमानच्या, कबरीवर गेल्याची रिवायत तिर्मिझीत आहे. दुसऱ्या बाजूच्याही रिवायती आहेत. उलेमांत मतभेद जुने आहेत आणि ते लपवायचं कारण नाही. पण मतभेद आहेत हेच तर आपल्याला कुणी सांगत नाही. मुंबईत हाजी अलीच्या मजारीपर्यंत बायका वर्षानुवर्षं जात होत्या. दहा-पंधरा वर्षांपूर्वी अचानक त्यांना बंदी झाली. भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या नूरजहाँ साफिया नियाझ आणि झकिया सोमण कोर्टात गेल्या. मुंबई उच्च न्यायालयानं २६ ऑगस्ट २०१६ला बंदी रद्द केली. ट्रस्ट सर्वोच्च न्यायालयात गेला खरा, पण तिथं त्यानंच प्रवेश द्यायचं कबूल केलं, आणि नोव्हेंबरअखेर बायका आत गेल्या. हा दर्ग्याचा मामला. गावच्या कब्रस्तानासाठी कुणी कोर्टात जात नाही. तिथं काय करायचं ते सांगते: जमातीच्या चार वडीलधाऱ्यांना आधी घरी चहाला बोलवा. मी तेच केलं. त्यातले तिघं म्हणाले, 'जा की बाई, कोण नको म्हणतंय?' चौथे गप्प राहिले. गप्प राहणं म्हणजे नकार नव्हे, असं मी ठरवून टाकलं.

कब्रस्तान छोटं आहे. पाऊण एकर असेल. एका कोपऱ्यात जुन्या, घडीव दगडांच्या आठ-दहा कबरी. बाकी सगळी मातीची उंचवटी, बाभूळ आणि काटेरी झुडपं. माझ्या मामूंना लहानपणी ऐकलेलं एक आठवत होतं: बोरीच्या झाडापासून पश्चिमेला तिसरी. बोर कधीच तुटली होती. झाडाच्या खुणेवर विसंबलात तर झाड जातं आणि कबरही जाते. आपल्या गावांत स्वतंत्र गोरकन फारसा नसतो, मोहल्ल्यातली पोरंच खणतात. त्यामुळे सगळी कब्रस्तानं तोंडी चालतात. ज्यानं खणली त्याला ठाऊक. तो गेला की संपलं.

मग जमीनच वाचायला शिकावं लागलं. जमीन बरंच बोलते. आपल्याकडून काबा पश्चिमेला, जरासा उत्तरेकडे कललेला. म्हणून कबर दक्षिणोत्तर, डोकं उत्तरेला, मय्यत उजव्या कुशीवर, तोंड पश्चिमेकडे. हे पक्कं डोक्यात ठेवलं की झुडपांत दिसणारे दोन दगड कबरीचे की शेताच्या बांधाचे, हे निम्मं तरी कळतं. घडीव दगडाच्या जुन्या कबरींची आणखी एक खूण आहे, आणि ती कळली तेव्हा मी तिथंच मटकन खाली बसले. पुरुषाच्या कबरीच्या माथ्यावर मधोमध एक लांबट उंचवटा घडवलेला असतो, त्याला कलमदान म्हणतात. बाईच्या कबरीचा माथा सपाट, त्याला म्हणतात तख्ती, म्हणजे पाटी. लेखणी त्याची आणि पाटी तिची. पाटीवर कुणीतरी लिहायचं. ही खूण दख्खनच्या बादशाही मकबऱ्यांपासून उत्तरेतल्या मुघली कबरींपर्यंत दिसते. आमच्या त्या कोपऱ्यात तीन पाट्या निघाल्या. तिन्ही कोऱ्या.

मातीच्या कबरींना मात्र अशी खूण नाही. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. आतलं पाटव, म्हणजे मय्यतीवर आडव्या टाकलेल्या फळ्या किंवा फरश्या, खचलं की वरचा उंचवटा जाऊन तिथं खळगा पडतो. म्हणून जुन्या भागात उंचवटे नका शोधू, खळगे शोधा. आणि ते पहिल्या पावसानंतर पाहा, पाणी साचून ते आपोआप ओळीनं दिसतात. नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात आणखी एक भानगड आहे. कालवा १८८५च्या सुमाराला आला. ऊस आला, तसा पाझरही आला. जमिनी उपळल्या, चोपण झाल्या. अशा ठिकाणी खोल खणलं की खाली पाणी लागतं, म्हणून कबरी उथळ खणून वर माती जास्त चढवतात. एकाच कब्रस्तानात उंच कबरींची ओळ आणि सपाट ओळ दिसली तर त्यात श्रीमंत-गरीब शोधत बसू नका. कधीकधी तो नुसता पाण्याचा हिशेब असतो.

कुठं एखादा लिहिलेला दगड सापडला तर बहुधा फक्त नाव आणि हिजरी सन असतं. हिजरी वर्ष आपल्या वर्षापेक्षा साधारण अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे सरळ वजाबाकी करून चालत नाही. दोन-तीन खुंट्या लक्षात ठेवा. १३०० हिजरी सुरू झालं नोव्हेंबर १८८२ला. १३३७ सुरू झालं ऑक्टोबर १९१८ला. त्या महिन्यांत इन्फ्लुएन्झाची साथ होती, तेव्हा १३३७च्या दोन-तीन कबरी शेजारी शेजारी दिसल्या तर त्या घरावर काय कोसळलं असेल याचा अंदाज करता येतो. १४०० हिजरी सुरू झालं नोव्हेंबर १९७९ला.

आता कागद. इथं मी जास्त वेळ घेणार आहे, कारण तुमच्या पिढीला कागदाची भीती वाटते आणि ती रास्तही आहे. पण कागद हा फक्त दुसऱ्याला दाखवायचा पुरावा नसतो, तो आपल्यासाठीही असतो.

जन्म-मृत्यू नोंदणीचा सध्याचा कायदा १९६९चा. त्याच्या कलम १७ नुसार कुणीही निबंधकाकडे शोध मागू शकतं आणि मृत्यूच्या नोंदीचा उतारा घेऊ शकतं. फी किरकोळ असते. त्याच कायद्यात, दफनाच्या जागेची देखभाल करणाऱ्यानंही मृत्यूची खबर द्यायची आहे, असं लिहिलंय. आपल्या किती मुतवल्लींना हे माहीत आहे? त्याआधीच्या नोंदी गावोगावी गाव नमुना १४ मध्ये असत, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात. मराठा-कुणबी नोंदी शोधायला २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती बसली आणि तहसील कचेऱ्यांतली हीच बुकं धूळ झटकून बाहेर आली. बरीचशी मोडीत आहेत. मोडी वाचायला शिका म्हणून मी पोरांच्या मागे लागते ते याचसाठी. ती लिपी आपली नाही असं कुणी म्हणालं तर त्याला पेशवेकालीन मोडी कागदावरचं साल वाचून दाखवा. 'इहिदे सबैन मया व अलफ'. ही अरबी आहे. एक, सत्तर, शंभर आणि हजार, म्हणजे शुहूर सन ११७१, इसवी १७७०-७१. पेशव्यांच्या दफ्तरातला ब्राह्मण कारकून रोज अरबीत साल लिहीत होता आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं.

नानीची मृत्यूची नोंद मला मिळाली. कुठल्या कचेरीत, किती खेटे घातले आणि कुणी काय ऐकवलं ते सोडून देते. नोंदीत काय होतं? 'अमुक मुलाणी याची बायको, वय पस्तीस, ताप.' बस. नाव नाही. माझ्या नानाचं नाव, त्याची जात, त्याचा धंदा, सगळं आहे. मुलाणी म्हणजे गावगाड्यातला बलुतेदार, त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५च्या 'गावगाडा'त त्याची माहिती आहे, त्यामुळे नाना दोनदा सापडला. नानी एकदाही नाही.

आणि मग लक्षात आलं की घरातही कुणाला तिचं नाव माहीत नाही. मामू म्हणायचे अम्मा. नाना म्हणायचे 'अगो सुनती का'. गावातल्या बायका तिला थोरल्या लेकाच्या नावानं हाक मारायच्या. मी कबर शोधत होते, पण कबरीत कोण आहे हेच आम्हाला माहीत नव्हतं.

नाव शेवटी जिथं मिळालं, ती जागा तुम्ही लिहून ठेवा: काझीचं निकाहचं रजिस्टर. जुन्या काझी घराण्यांनी ही बाडं पिढ्यान्पिढ्या सांभाळलेली असतात. निकाहाला बाईची कबुली लागते, मेहेर तिचा असतो, तेव्हा तिचं नाव लिहावंच लागतं. नाव, बापाचं नाव, वकील, दोन गवाह, मेहेरची रक्कम. जिथं बाईचा हक्क होता तिथं तिचं नाव आहे. जिथं फक्त ती मेल्याची खबर द्यायची होती तिथं नाही. मी ते नाव वाचलं तेव्हा अम्मी शेजारी होती. ती ते दोनदा मोठ्यानं म्हणाली आणि मग म्हणाली, 'माझ्या मोठ्या बहिणीचं तेच नाव ठेवलं होतं, ती वर्षाची होऊन गेली.' हे आम्हाला पहिल्यांदाच कळत होतं.

कबर? हो, सांगते. बोरीचा खुंट एका म्हाताऱ्या धनगरानं दाखवला. तो तिथं लहानपणी शेरडं चारायचा. तिथून पश्चिमेला मोजत गेलो तर पहिल्या पावसानंतर तीन खळगे ओळीनं दिसले. तिसरी कबर खुंटाकडून धरायची की खुंट सोडून, यावर मामूंचा आणि माझ्या भावाचा वाद झाला. अम्मीनं दोघांना गप्प केलं आणि तिन्ही खळग्यांवर फातिहा पढली. म्हणाली, दुसऱ्या दोघी कुणाच्या तरी आयाच असतील. त्या पुरुषांच्याही असू शकतात हे मी बोलले नाही.

आता थोडं मोठ्या लोकांकडे बघू, म्हणजे आपलं दुःख फार खास वाटायला नको. बहादूरशाह जफर रंगूनला ७ नोव्हेंबर १८६२ला वारला. इंग्रजांनी त्याला घाईनं पुरलं आणि खूण राहू दिली नाही. त्याची मूळ कबर सापडली १९९१ला, तीही गटार खणताना. हिंदुस्थानच्या बादशहाची ही गत. मधुबाला १९६९ला गेली, मोहम्मद रफी १९८०ला, साहिर त्याच सालात. तिघांच्या कबरी जुहूच्या कब्रस्तानात होत्या. २०१०च्या सुमाराला जागा कमी पडते म्हणून तिथली जुनी बांधकामं काढली आणि त्यावर नवी माती पडली. लोक खूप चिडले. मला मात्र कब्रस्तानवाल्यांचा तितका राग येत नाही. मुंबईत रोज येणाऱ्या मय्यतीला जागा कुठून आणणार? आधीचा देह माती झाल्यावर त्या जागी दुसरी मय्यत ठेवायला हनफी फिकहची मनाई नाही, आणि देशावरचे आपण बहुतेक हनफीच. पक्की, संगमरवरी कबर बांधून जागा कायमची अडवणं याला दीनदारी कसं म्हणायचं, हे मला आजवर कळलेलं नाही.

आणि ज्याला कबर नको होती असाही एक माणूस आपल्यात होऊन गेला. हमीद दलवाई ३ मे १९७७ला गेले, चव्वेचाळिसाव्या वर्षी. दफन करू नका, दहन करा, कुठलाही धार्मिक विधी नको, हे त्यांनी लिहून ठेवलं होतं. मुंबईच्या चंदनवाडीत विद्युतदाहिनीत त्यांचं दहन झालं. त्यावरून त्यांना शिव्या घालणारे खूप झाले. दलवाईंना कबर नाही, तरी त्यांचा पत्ता सगळ्यांना माहीत आहे, कारण ते लिहून गेले. माझ्या नानीला कबर होती आणि ती बेपत्ता होती.

इंदापूरचंच घ्या. मालोजीराजे भोसल्यांची गढी तिथं आहे. ते इंदापूरच्याच लढाईत पडले असं सांगतात, पण त्यांची समाधी म्हणून इमारत दाखवतात ती वेरूळला. त्यांनी अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, शाह शरीफ बाबांना नवस केला आणि मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, ही कथा तुम्ही शाळेत ऐकलीच असेल. त्या शहाजीराजांची समाधी कर्नाटकात होदिगेरेला. बापाची आणि लेकाची दफ्तरं भरून इतिहास असलेल्या घराण्यातही जन्म एकीकडे, मरण दुसरीकडे, समाधी तिसरीकडे. इंदापुरात चाँदशाहवली बाबांचा दर्गा आहे, तिथं उरूसाला कोण कोण येतं ते बघा आणि मग मला सांगा आपला इतिहास कुठल्या एका खान्यात बसतो.

काही कबरी तर आता सापडणारच नाहीत. उजनी धरण १९८०ला पुरं झालं आणि भीमाकाठची गावं पाण्याखाली गेली. उन्हाळ्यात पाणी फार उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं आणि लोक होड्या करून फोटो काढायला जातात. गाव बुडतं तेव्हा देवळाबरोबर मसणवटा बुडतो, कब्रस्तान बुडतं. देवाला नवी जागा मिळते, मूर्ती उचलून नेता येते. कबर उचलून नेत नाहीत. तुमच्यापैकी ज्यांची आजोळं त्या पाण्यात आहेत त्यांनी भूमी अभिलेख कार्यालयात बुडीत गावाचा जुना नकाशा मागावा. निदान पाण्यात बोट कुठं दाखवायचं ते कळेल.

आता कब्रस्तानाच्या स्वतःच्या कागदांविषयी, कारण जागाच गेली तर कबर कसली शोधता? सातबारा काढा, शहरात असेल तर मिळकत पत्रिका. 'कब्रस्तान' किंवा 'दफनभूमी' हा शब्द त्यावर आहे का बघा. वक्फ बोर्डाच्या यादीत ते आहे का बघा. शेकडो वर्षं दफन होतंय म्हणून ते वक्फ, हा जो 'वापरामुळे वक्फ'चा आधार होता तो २०२५च्या दुरुस्तीनं पुढच्या काळासाठी गेला. आधी नोंद झालेल्या जागांना, त्या वादातल्या किंवा सरकारी नसतील तर, संरक्षण आहे. १५ सप्टेंबर २०२५च्या अंतरिम आदेशात सर्वोच्च न्यायालयानं कायद्यातल्या काही तरतुदी थांबवल्या, ही तरतूद थांबवली नाही. उमीद पोर्टलवर नोंदीचं काम त्याच वर्षी सुरू झालं. दुरुस्ती बरी की वाईट यावर घरी भांडा, पण आपल्या गावच्या कब्रस्तानाची नोंद आहे की नाही हे आधी बघून या. आपल्या पुढाऱ्यांना मोर्चाला माणसं मिळतात, तहसीलला जायला मिळत नाहीत.

आमच्या त्या गावच्या जमातीनं आता जुना भाग साफ करायचं ठरवलंय. जेसीबी लावून झुडपं काढायची, सपाट करायचं, नव्या मय्यतींसाठी ओळी आखायच्या. मी विरोध केला नाही. एवढंच मागितलं की आधी दोन महिने द्या, आणि एक वही. प्रत्येक घरानं येऊन सांगायचं, आपलं कोण कुठं आहे, निदान अंदाजानं. घडीव दगड हलवायचे नाहीत. वहीत पहिला रकाना मरणाऱ्याच्या स्वतःच्या नावाचा. 'अमुकची बायको', 'तमुकची आई' चालणार नाही. नाव माहीत नसेल तर रकाना रिकामा ठेवायचा आणि पुढच्या जुम्म्यापर्यंत शोधून आणायचं. एक चाचा म्हणाले, 'बायकांची नावं अशी उघड्यावर लिहायची?' मी म्हटलं, 'तुमच्या आधार कार्डाच्या रांगेत चाचीचं नाव माईकवरून पुकारलं होतं, तेव्हा तुम्ही तिथंच होता.' ते हसले. त्यांच्या अम्माचं नाव वहीत पाचवं आहे.

बारामतीतली दोन-तीन पोरं मला हे मोबाइलवर करून देणार आहेत, नकाशासकट. करा, पण कागदाची वही राहू दे. मोबाइल दर दोन वर्षांनी बदलतो, आणि ज्या बायकांना सगळ्यात जास्त आठवतं त्यांच्याकडे बटणांचा फोन आहे.

जेवायला अजून वीस-पंचवीस मिनिटं आहेत. मी इथंच बसते, वही माझ्यासोबत आहे. ज्यांना नानीचं नाव माहीत नाही त्यांनी बाहेर जाऊन घरी फोन लावा. आईला विचारा. तिलाही माहीत नसेल तर मामूचा नंबर घ्या.